कवळीतलं दातवण

मी आयुष्यभर लोकांचे दात काढले, पण मला बघून कुणी दात काढल्याचं आठवत नाही. लातूरच्या गंजगोलाईजवळ एका कापड दुकानाच्या वर माझा दवाखाना होता. खाली दुकानात मोठमोठ्यानं भाव करणारी माणसं जिना चढता चढता गप्प होत. आडतीत गाडीभर तुरीचा सौदा एका दमात तोडणारा अडत्या माझ्या खुर्चीत बसला की "जरा हळू हं डॉक्टर" एवढंच म्हणायचा. दातांच्या डॉक्टरकडं माणूस हौसेनं येत नाही. तो येतो तेव्हा त्याची झोप उडालेली असते, घरातले वैतागलेले असतात, आणि लवंग, तुरटी, तंबाखू, शेजाऱ्यानं सांगितलेलं रॉकेल, हे सगळं करून झालेलं असतं.

दवाखाना बंद केला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हात थरथरायला लागला तेव्हा मीच ठरवलं, बास. पण सवय काही जात नाही. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की माझी नजर आधी त्याच्या हिरड्यांवर जाते. माणसाचं नाव आठवत नाही, पण याची खालची डावी दाढ आपण भरली होती हे आठवतं. बायको म्हणते, "लोकांच्या तोंडाकडं असं टक लावून बघत जाऊ नका हो, बरं दिसत नाही." तिला काय सांगणार? मला त्या तोंडांची आठवण येते. दुपारच्या वेळी घरात सगळं शांत असलं की हाताला काहीतरी धरावंसं वाटतं, कुणीतरी समोर आ करून बसावंसं वाटतं.

माझं मूळ घर उदगीरचं. वडील कपाळाला विभूती लावून किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे. चालू दुकान सोडून मुलगा लोकांच्या उष्ट्या तोंडात हात घालणार, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मी नागपूरला शिकलो आणि नोकरीला लागलो तो नांदेडला, सरकारी दवाखान्यात. तो बहात्तरचा दुष्काळ होता. आमची तपासणीची गाडी दुष्काळी कामांवर फिरायची. बाकीचे डॉक्टर ताप, जुलाब बघायचे, मी दात. पेशंटला खडीच्या ढिगावर बसवायचं, मागून एकानं डोकं धरायचं, आणि मी उन्हाच्या उजेडात पक्कड चालवायची. इतका चांगला उजेड मला पुढं कुठल्याच दवाखान्यात मिळाला नाही.

दात काढला की चूळ भरायला पेल्यात पाणी द्यायचो. बाया ते पिऊन टाकायच्या. मी म्हणायचो, "अहो थुंका, थुंका." एकीनं मला उलट विचारलं, "चांगलं पानी कामून थुकायचं, सायेब?" मग मी दोन पेले द्यायला लागलो, एक पिण्यासाठी आणि एक चुळीसाठी. दोन्ही पोटातच जायचे.

त्याच नोकरीत किनवटकडं आश्रमशाळेत मुलांचे दात तपासायला जायचो. एका वर्षी सगळ्या मुलांना ब्रश वाटले, घासायचं कसं ते दाखवलं, आणि मोठ्या समाधानानं परत आलो. पुढच्या खेपेला बघतो तर मुलांचे दात होते तसेच. अधीक्षकांनी कपाट उघडून सगळे ब्रश दाखवले, कागदाच्या वेष्टनासकट कोरे करकरीत. "जपून ठेवून राहिलो ना सर," ते म्हणाले, "पोरं लई खराब करून टाकतात." मी कपाळाला हात लावला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दात म्हणजे हाडाचा एक तुकडा. तसं नाही. दाताच्या वरचं पांढरं कवच आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे, हाडाहूनही कठीण. पण हाड मोडलं तर जुळून येतं, कातडी फाटली तर भरते, दाताचं कवच मात्र एकदा गेलं की गेलं. त्याच्या आत मऊ भाग असतो आणि त्याच्याही आत नस. कीड कवचात असते तोवर दुखत नाही, म्हणून कुणी दाखवायला येत नाही. नसेपर्यंत पोचली की माणूस धावत येतो, आणि तोवर माझ्या हातात करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

पण माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या बायांचे दात किडून गेले त्याहून जास्त हलून गेले. दात हिरडीत बसलेला असतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो हाडात बसलेला असतो आणि हिरडी हे त्याच्याभोवतीचं झाकण असतं. दाताच्या मुळाशी घाण साचून घट्ट झाली की हिरडी सुजते, रक्त येतं. रक्त दिसलं की माणूस भिऊन तिथं घासणं सोडतो, आणि नेमकं तिथंच हळू हातानं रोज घासायला पाहिजे असतं. मग आतलं हाड झिजत जातं आणि एक दिवस चांगला धडधाकट, न किडलेला दात बोटानं हलवून निघतो. असा निरोगी दात तळहातावर घेतला की मला फार वाईट वाटायचं.

त्यात भर मिश्रीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासत बसायचं. दुष्काळी कामावर मी एकीला रागावलो तेव्हा तिनं सांगितलं, "सायेब, मिसरी लावली की भूक मरती." त्या दुष्काळानं बायांचे दात कसे नेले ते मला त्या वाक्यानं कळलं. दुष्काळ संपला, पाऊस झाला, पण लागलेली मिश्री सुटली नाही. त्या बाया पुढं दहा-बारा वर्षांनी माझ्याकडं यायला लागल्या, हलणारे दात घेऊन.

तोवर लातूर वेगळा जिल्हा झाला होता. गावात नुसती धांदल होती. कुठल्याही जुन्या इमारतीवर नवी पाटी लागायची आणि आत खुर्च्या-टेबलं उतरायची. माझे एक मामा म्हणाले, "अरे, आता साहेब लोक येतील, त्यांच्या बायका येतील. त्यांना दात दाखवायला कोणीतरी पाहिजे की नाही?" मी नोकरी सोडली आणि लातूरला आलो. साहेब लोक आले, हे खरं. पण ते दात दाखवायला सोलापूरला नाहीतर पुण्याला जात. माझ्या जिन्यावर रेणापूर, निलंगा, औसा इकडची माणसं बसलेली असायची, डोक्याला रुमाल आणि गालाला फडकं बांधून.

कवळ्या बनवायला माझ्याकडं मेहबूबभाई होते. आधी ते हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात याच कामावर होते. माणूस कमालीचा तुसडा, पण हात असा की त्यांनी बसवलेले दात बघून पेशंटच्या सख्ख्या भावाला फरक कळायचा नाही. कवळी दिसते सोपी, पण तिला फार वेळ लागतो. आधी राहिलेले दात काढायचे. हिरड्या भरून यायला काही महिने थांबायचं. मग तोंडाचं माप घ्यायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा, त्यावर मेण आणि मेणात दात. मेणावरची ती कवळी एकदा तोंडात बसवून पेशंटला आरसा द्यायचा. त्यानं हो म्हटलं की मेण काढून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक शिजवायचं. एकदा शिजलं की मग फारसा बदल करता येत नाही, म्हणून आरशाची ती वेळ महत्त्वाची.

गिरजाबाई मला भेटल्या त्या याच काळात. रेणापूरजवळच्या एका खेड्यातल्या. मुलगा व्यंकट नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत शिपाई लागला होता आणि आईला घेऊन लातूरला खोली करून राहत होता. पहिल्या पगारानंतर त्यानं पहिलं काम हे केलं की आईला माझ्याकडं आणलं. म्हणाला, "साहेब, तिला भाकर चावता येत न्हाई. पाण्यात कुस्करून खाते. माझ्यानं बघवत न्हाई." गिरजाबाईंचे थोडेसेच दात राहिले होते आणि तेही हलत होते. जे होते ते काळे. मी मिश्रीवरून त्यांना बोललो, त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि खरोखर सोडली. मिश्री सोडलेल्या बाया माझ्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या.

दात काढून झाले, हिरड्या भरल्या, माप झालं. मेणावरची कवळी तोंडात बसवून मी त्यांच्या हातात आरसा दिला. पहिल्यांदा आरसा पाहणारा पेशंट एक तर हसतो नाहीतर रडतो. गिरजाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"कसे वाटतात, मावशी?"

"चांगले हायती. पर दातवण?"

"दातवण कशाला आता? या दातांना पूडबीड काही लावायचं नाही. रात्री काढायचे, पाण्याखाली ब्रशनं घासायचे आणि वाटीत पाण्यात ठेवायचे."

"तसं न्हवं. दातवण लागंल."

"अहो मावशी, इतकं सांगूनही पुन्हा तेच? मिश्रीनंच घात केला ना तुमचा?"

"मिसरी मी कवाच सोडली," त्या जरा चिडूनच म्हणाल्या. "तुमीच सोडाया लावली. मी दातवण मनायले, डाक्टर. दातवण!"

मला काही उमगेना. शेवटी व्यंकट खिडकीबाहेर बघत, ओशाळून म्हणाला, "तिला काळं पाहिजे, साहेब. दात काळे पाहिजेत."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मला दातवण म्हणजे दात घासायची पूड एवढंच माहीत होतं. जुन्या बायकांचं दातवण वेगळं. ती काळी पूड लग्न झालेल्या बाईनं दातांना लावायची, फटीफटीत काळा रंग बसवायचा. जसं कुंकू, जशा बांगड्या, तसंच तेही सौभाग्याचं लेणं. लग्नानंतर सासू लावायला शिकवायची आणि नवरा गेला की ते बंद व्हायचं. माझ्या लहानपणी आमच्या उदगीरच्या गल्लीतही एक-दोन म्हाताऱ्यांच्या तोंडात हे काळं असायचं. मी ते घाण म्हणून पाहिलं होतं, आणि पुढं शिकून आल्यावर रोग म्हणून.

"आई, आता कोण लावतंय दातवण?" व्यंकट म्हणाला. "लोक नवे दात पांढरे मिळावेत म्हणून पैसे देतात, आणि तू..."

"तू गप बस." त्यांनी मुलाला गप्प केलं आणि माझ्याकडं वळल्या. "डाक्टर, आमचे मालक त्या दुस्काळात तिकडं तेलंगणात गेले, नहराच्या कामावर. गावातली चार मान्सं मिळून गेली. जाताना मनले, पानी पडलं की येतो. बाकीचे आले. हे अजून यायचेत."

मी व्यंकटकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"उद्या ते आले," गिरजाबाई म्हणाल्या, "आन दारात पांढऱ्या दाताची बाई उभी दिसली, तर ते काय समजतील? ही मला मेला समजून बसली आसं मनतील आन तसंच माघारी फिरतील. मला नवे दात देयाचे आसले तर दातवणाचे द्या. न्हाईतर मी आपली कुस्करून खाते."

दहा-बारा वर्षं झाली होती त्या माणसाला जाऊन. गावाला पक्कं वाटत होतं की तो आता येत नाही. व्यंकटलाही वाटत होतं. पण बाईचा दिवस त्या एका गोष्टीवर उभा होता आणि ती गोष्ट आता माझ्या हातातल्या मेणावर येऊन थांबली होती. मी विचार केला. तोंडात बसलेली कवळी मनात बसली नाही तर ती डब्यातच राहते, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. आमच्या एका हेडमास्तरांनी माझी कवळी फक्त झेंडावंदनाला लावली, बाकी वर्षभर ती ट्रंकेत. गिरजाबाईंची कवळी ट्रंकेत गेली तर त्या खातील काय? मी म्हणालो, "देतो, मावशी. काळं घालून देतो."

मेहबूबभाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "क्या बोलते साब? नवे दातां में काला भरना? लोगां देखे तो बोलेंगे, मेहबूब का हाथ गया." मी त्यांना गिरजाबाईंची हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले आणि मग पुटपुटले, "हमारी दादी भी मिस्सी लगाती थी." त्यांची आजीही त्यांच्या लहानपणी दात काळे करायची, त्याला ते मिस्सी म्हणत. मग त्यांनी काम हातात घेतलं. दर दोन दातांच्या मधे बारीक बरानं, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कोरणीनं, आरपार चीर पाडली, ॲक्रिलिकमध्ये काळा रंग खलून त्या चिरेत भरला आणि दातांवरही काळसर झाक अशी दिली की कडेला दाट, मधे विरळ. पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होते. त्यांनी इतक्या जिवानं केलेली कवळी मी दुसरी पाहिली नाही.

गिरजाबाईंनी ती घातली, आरसा घेतला आणि या खेपेला हसल्या. लगेच पदर तोंडावर घेतला. पदराआडून म्हणाल्या, "हां, आता मी मीच हाय."

पुढं त्या अधूनमधून येत राहिल्या. कवळी बसवली म्हणजे काम संपत नाही. दात गेल्यावर आतलं हाड झिजत राहतं, त्यामुळं कवळी सैल होते, टोचते, ती घासून द्यावी लागते. गिरजाबाईंचं टोचणं घासून झालं की त्या लगेच उठायच्या नाहीत. "डाक्टर, तुमचं गाव उदगीर. तिकडनं तेलंगणाची मान्सं येतेत नव्हं तुमच्याकडं?"

"येतात की. देगलूरची, बोधनची सुद्धा येतात."

"मग बगा जरा. त्येंचा वरचा पुढला एक दात तुटका हाय. लगीन झालं त्याच साली बैलानं शिंग मारलं होतं. आसा तिरपा तुटलाय." आणि बोटानं स्वतःच्या कवळीवर त्या दाखवायच्या, कुठला आणि किती.

मी 'बघतो' म्हणायचो. कुणाचंही मन मोडू नये म्हणून म्हणतात तसं. पण झालं असं की मी खरंच बघायला लागलो. सीमेकडचं कुणी म्हातारं माणूस खुर्चीत बसलं आणि त्यानं आ केला की दुखऱ्या दाढेकडं जाण्याआधी माझी नजर वरच्या पुढच्या दातांवर जायची. एकदा देगलूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तसाच तिरपा तुटलेला दात दिसला आणि माझा हात थांबला. मी त्याला गाव, शेत, बायको, सगळं खोदून विचारलं. तो बिचारा अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत उत्तरं देत होता आणि दातांच्या डॉक्टरला आपल्या शेताची एवढी काळजी कशाला ते त्याला कळत नव्हतं. जन्मात तो देगलूर सोडून कुठं गेला नव्हता. दात लहानपणी विहिरीच्या काठावर पडून तुटला होता. मी त्याची दाढ काढली आणि त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा माझं जेवणात लक्ष नव्हतं. गिरजाबाईंचा नवरा माझ्या कोणी नात्यातला नव्हता, तरी मला तो सापडावा असं फार वाटत होतं. आज इतक्या वर्षांनीही वाटतं, तेव्हा सापडायला हवा होता.

मग पुष्कळ दिवस गिरजाबाई आल्या नाहीत. आल्या त्या व्यंकटबरोबर. त्यांना दारात बघितलं आणि न विचारता मला सगळं कळलं. कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून घेतलं आणि जमिनीकडं बघत राहिल्या. बोलला तो व्यंकट.

गावातला एक माणूस लग्नाच्या निमित्तानं निजामाबादकडं गेला होता. तिथं त्याला कळलं. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कामानंतर गिरजाबाईंचा नवरा तिथंच राहिला होता. तिथं त्यानं घर केलं होतं, बायको होती, दोन मुलं होती. आणि काही महिन्यांपूर्वी तो वारला होता. व्यंकट स्वतः जाऊन खात्री करून आला होता.

"आम्ही दिवस घातले, साहेब, जे करायचं ते सगळं केलं," तो म्हणाला. "आता एवढंच राहिलंय. ते तोंडातलं काळं काढून टाका. गेल्या आठवड्यात भावकीत लग्न होतं. आई हसली, तर बाया एकमेकींच्या कानात बोलायला लागल्या. नवरा मेलाय आणि हिच्या तोंडात दातवण. मला मान वर करायला जागा राहिली न्हाई."

मग आवाज चढू न देता तो म्हणाला, "आणि बायांचं जाऊ द्या. मला स्वतःला नको वाटतंय. लहान होतो मी. ही दिवसभर खडी फोडायची आणि रातीला माझ्यासाठी भाकर थापायची, स्वतः मिश्री लावून झोपायची. तो तिकडं दुसरं घर करून बसला. त्याच्या नावाचं काळं तिनं तोंडात कशाला ठेवायचं?"

त्यात खोटं काही नव्हतं. मी त्याला बाहेर बाकड्यावर बसायला सांगितलं आणि गिरजाबाईंना खुर्चीत घेतलं. त्यांनी स्वतःच कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. माझ्यासमोर आता ओठ आत गेलेली, एकाएकी म्हातारी झालेली बाई होती. मी मोटर चालू केली, बर लावला, आणि थांबलो.

"मावशी," मी म्हणालो, "व्यंकट म्हणतो ते मी ऐकलं. तुमच्या मनात काय आहे?"

त्या काहीतरी बोलल्या, पण दात नसल्यामुळं शब्द नीट उमटले नाहीत. त्यांनाही ते कळलं. त्यांनी हात पुढं केला, माझ्या हातातली कवळी घेतली, तोंडात नीट बसवली आणि मग बोलल्या.

"तिकडं जी हाय तिनं कुकू पुसलं आसंल. मीबी पुसलं. चूक तिचीबी न्हाई, माझीबी न्हाई. लेकराचंबी खरं हाय. पर मी वाट बगितली ती काय खोटी हाय, डाक्टर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग आसं करा. पुढलं काढा. लोकाला पुढलंच दिसतंय. मागलं राहू द्या."

"मागचं कुणाला दिसणार, मावशी?"

"कुनाला दिसाया कशाला पायजे? माझ्या जिभंला ठावं हाय."

त्यांनी कवळी पुन्हा काढून दिली. मी मेहबूबभाईंना हाक मारली नाही. ते काम मी माझ्या हातानं केलं. समोरच्या बाजूनं एकेका फटीतला काळा रंग कोरून काढला, त्या जागी दातांच्या रंगाचं ॲक्रिलिक भरलं, दातांवरची झाक उतरवली आणि पॉलिश केलं. कवळी उलटी केली तर मागच्या, जिभेकडच्या बाजूनं सगळं जागच्या जागी होतं, फटीफटीत, पहिल्या दिवसासारखं. माझे डोळे भरून आले होते आणि अशा डोळ्यांनी बर चालवू नये हे मला कळत होतं, म्हणून मी मधे मधे थांबत होतो.

कवळी धुऊन त्यांच्या तोंडात बसवली. आरसा पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. खुर्चीतून उठल्या, पदर नीट केला. मी दार उघडलं तसा व्यंकट बाकड्यावरून उठून आत आला. त्यानं आईच्या हनुवटीला हात लावून तिला तोंड उघडायला लावलं, दात बघितले, आणि त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

"सगळं निघालं ना, साहेब?"

"दिसण्यासारखं सगळं निघालं," मी म्हणालो.

गिरजाबाई ओठ मिटून उभ्या होत्या.